काचेवरची बातमी

काचेच्या पुलाच्या मधोमध लेकीचे पाय थांबले. दोन्ही हातांनी तिने कठडा असा धरला होता, की बोटांची पेरं पांढरी पडली होती. काचेखाली दरी होती. पार तळाशी झाडांचे शेंडे होते, त्यांच्यामधून नदीची बारीक रेघ गेली होती. मधल्या हवेत एक पक्षी उडत होता. पक्ष्याची पाठ दिसत होती. तेच तिला सहन झालं नाही.

"आई, मी नाही येत पुढे."

"मग काय, इथेच मुक्काम?" आईने विचारलं.

सहलीबरोबर आलेली गाइड बाई वळून मागे आली. "ताई, घाबरू नका, काही होत नाही. फक्त मागे नाही जाता येणार. पूल एकेरी आहे."

लेक दातांची डॉक्टर होती. खुर्चीत आडव्या पडलेल्या माणसांना दिवसभर ती हेच ऐकवायची, घाबरू नका, काही होत नाही. या वाक्याचा काडीचाही उपयोग नसतो, हे तिला आज कळलं.

खरं तर या घरात घाबरायचं काम आईकडे होतं आणि ठरवायचं काम लेकीकडे. बाबा गेल्यापासून आईचा डॉक्टर, आईचा चष्मा, आईच्या घराचा रंग, सगळं लेकच ठरवत आली होती. आता तिने आपल्या घरातली एक खोली आईसाठी रिकामी केली होती. पडदे लावले, नवी गादी आणली. "एकटीने राहणं पुरे झालं तुझं," असं सांगूनही टाकलं. आई नुसतं "बघू" म्हणत राहिली. आणि मग एके दिवशी तिने परस्पर या सहलीच्या दोन जागा घेतल्या. डोंगरातला तरंगता रस्ता, काचेचा पूल, दिवसभरात परत. आईला हे काय सुचलं, असं वाटूनही लेक आली. परतीच्या वाटेवर निवांत बोलू, होकार घेऊनच घरी जाऊ, असा तिचा हिशेब होता.

सकाळी कड्याला टांगलेल्या रस्त्यावर ती कातळाला खेटून कशीबशी चालली होती. पुलावर खेटायला काहीच नव्हतं.

"तुम्ही बाकीच्यांना घेऊन पुढे व्हा," आई गाइड बाईला म्हणाली. "आम्ही येतो."

बाई गेली. आईने एकदा खाली पाहिलं, एकदा लेकीकडे पाहिलं. मग पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधली आणि म्हणाली,

"मी लग्न करतेय."

लेकीची मान झटकन वर आली. "काय?"

"लग्न. चल, चालता चालता सांगते." आई चालू लागलीसुद्धा.

"आई! थांब! कुणाशी?" लेकीने कठड्यावरचा एक हात सोडला.

"पोहायच्या तलावावर ओळख झाली. प्राण्यांचे डॉक्टर होते. आता निवृत्त झालेत."

"प्राण्यांचे?"

"माणसांचे असते तर चाललं असतं का?"

"विषय बदलू नकोस!" लेकीचा दुसरा हातही सुटला. ती आईच्या मागे भराभर निघाली. "तू पोहायला कधीपासून जातेस? मला सांगितलं नाहीस. या वयात हे काय सुचतंय तुला? लोक काय म्हणतील?"

"कोण लोक?"

"लोक म्हणजे... मी!"

समोर फोटो काढत उभं असलेलं एक जोडपं बाजूला सरकलं. लेकीने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. पायाखालची काच, खालची नदी, सगळं ती तुडवत चालली होती. आईला गाठून तिने तिचा दंड धरला.

"आणि बाबा?"

आता आई थांबली. वारा तिच्या केसांत शिरत होता.

"बाबांना केव्हाच सांगितलं," ती हळू आवाजात म्हणाली. "रोज बोलते मी त्यांच्याशी. तुझंच राहिलं होतं."

दोघी पुन्हा चालू लागल्या. लेकीने दंड सोडला नव्हता. आणि मग पावलांचा आवाज बदलला. पायाखाली दगडी पायरी होती. गाइड बाई टाळ्या वाजवत होती.

लेकीने मागे वळून पाहिलं. सगळा पूल मागे पडला होता, उन्हात चकाकत. आपण त्यावरून चालत आलो, नुसत्या चाललो नाही, भांडत आलो, हे तिच्या लक्षात आलं. दुसऱ्याच क्षणी आणखी काहीतरी लक्षात आलं आणि तिला हसू फुटलं. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखी ती पायरीवर बसून हसत सुटली.

"काय थाप मारलीस गं आई! मला पुढे न्यायला! प्राण्यांचे डॉक्टर म्हणे. क्षणभर मला खरंच वाटलं."

आई तिच्या शेजारी बसली. बुटांवर चढवलेली कापडी खोळ काढायला तिने दोन्ही हात खाली नेले, आणि तिथेच थांबली.

"थाप नाही गं ती," ती म्हणाली. "महिनाभर सांगेन म्हणतेय, पण तुझ्यासमोर तोंडच उघडत नव्हतं. आज पहिल्यांदाच तू माझ्यापेक्षा जास्त घाबरलेली दिसलीस. म्हटलं, आत्ताच सांगून टाकावं."