नुसता हात

“कोपरापर्यंत धुवा. नखांतसुद्धा,” सिस्टर म्हणाली.

वेल्डरने पुन्हा साबण घेतला. हातांवरचे ठिणग्यांचे जुने डाग काही निघणार नव्हते. सिस्टरने वाकून पाहिलं. “ते असू देत. मळ गेला ना, मग झालं.”

काचेच्या पेटीत त्याचा मुलगा निजला होता. वेळेच्या फार आधी आलेला. वर्कशॉपमधला मोठा पाना याच्याहून जड भरला असता. नाकात नळी, पायाला यंत्राची तार, डोक्यावर लोकरीची टोपी, तीही ढगळ. कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा दिसत होत्या.

बायको खालच्या मजल्यावर होती. तिचा ताप हटत नव्हता, म्हणून तिला वर येऊ देत नव्हते. तिने अजून बाळाचं तोंडही पाहिलं नव्हतं. सकाळी तिने नवऱ्याचा हात धरून एकच गोष्ट मागितली होती.

“मी इथून करतेच आहे. तुम्ही त्याच्याजवळ बसून प्रार्थना करा. प्रभूला सांगा.”

तो ‘बरं’ म्हणून मोकळा झाला होता. लग्न झाल्यापासून दर रविवारी तो तिला चर्चच्या दारापर्यंत पोचवायचा आणि स्वतः बाहेर बाकावर बसून राहायचा. तिने कधी आग्रह केला नाही, त्याने कधी आत पाऊल टाकलं नाही. पहिलं मूल पोटातच गेलं तेव्हा ती गुडघ्यांवर बसली आणि याने आवाज चढवला. “इतकी वर्षं बोलतेस त्याच्याशी. एकदा तरी उत्तर दिलं त्याने? असता, तर असा गप्प बसला असता?” ती गुडघ्यांवरून उठली नाही. त्या दिवसापासून तो विषय घरात निघाला नव्हता.

आता तो पेटीजवळच्या स्टुलावर बसला. डोळे मिटले. ‘प्रभू’ म्हणायला गेला. ज्याच्याशी कधी चार शब्द बोललो नाही, त्याच्यापुढे एकदम हात कसा पसरायचा? तोंडच उघडेना.

तेवढ्यात यंत्र किंचाळलं. बाळाची छाती हलत नव्हती. ओठ निळे पडले होते. सिस्टर धावत आली, पेटीच्या गोल खिडकीतून हात आत घातला आणि बाळाच्या तळव्यावर हलकेच बोट घासलं. पुन्हा घासलं. छाती उचलली गेली.

“श्वास घ्यायला विसरतो हा,” ती म्हणाली. शाळेत डबा विसरणाऱ्या पोराबद्दल बोलावं तशी. पण तिच्या कपाळावर घाम होता. “आज फारच विसरतोय. तुम्ही हात घाला आत.”

“मी? अहो सिस्टर, माझे हे हात...”

“घाला. एक डोक्यावर, एक पायांशी. चोळायचं नाही, थोपटायचं नाही, बोलायचंही नाही. एवढ्याशा जिवाला आवाजाचाही शीण होतो. नुसता हात ठेवा. आणि काढू नका.”

त्याने हात आत घातले. धगधगत्या लोखंडापुढे धरायचा तसे ते स्थिर धरले. दोन तळव्यांत अख्खा मुलगा मावला. हवेत चाचपडणारे ते काडीएवढे हातपाय जवळ आले, निवांत झाले.

थोड्या वेळाने सिस्टर रक्त घ्यायला आली. टाचेत सुई गेली तसं बाळाचं तोंड उघडलं, चेहरा पिळवटला, आवाज मात्र जेमतेम निघाला. सिस्टरचा हात धरून तिला थांबवावंसं वाटलं वेल्डरला. ‘बाळा, हे तुझ्यासाठीच आहे रे,’ असं ओरडून सांगावंसं वाटलं. पण सांगणार कुठल्या भाषेत? सुई म्हणजे काय, तपासणी म्हणजे काय, बाप म्हणजे काय, त्याला कशाचाच पत्ता नव्हता. त्याला दिसतही नव्हतं कोणी. आपण या जगात एकटे आहोत आणि कोणीतरी टोचतंय, एवढंच त्याला वाटत असेल. आणि इथे बाप इतका जवळ की त्याच्या श्वासाने काच धुरकट होत होती. ओठांवर सगळं प्रेम दाटलेलं, आणि तोंडातून एक शब्द नाही.

एकाएकी वेल्डरच्या अंगावर काटा आला.

तो हलला नाही. वर पाहिलं नाही, मागे पाहिलं नाही. यंत्रांचा आवाज तसाच चालू होता, खिडकीतलं ऊन तसंच होतं, आणि त्या खोलीत आपण एकटे बसलेलो नाही हे त्याला लख्ख कळलं. भीती वाटली नाही. मात्र उठून पायांतले जोडे काढावेत, असं वाटलं. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. पुसायला हात मोकळे नव्हते. त्याने ते वाहू दिलं.

यंत्र पुन्हा किंचाळलं नाही. दुपार उलटली. डॉक्टरांनी येऊन आकडे पाहिले, भुवया उंचावल्या आणि म्हणाले, “वा! असाच राहिला तर उद्या नळी काढून बघू.”

संध्याकाळी तो खाली गेला. बायको उशीला टेकून वाटच पाहत होती. त्याने सगळं सांगितलं. ती हसली, रडली, पुन्हा हसली. मग तिने विचारलं, “प्रार्थना केलीत?”

“शब्दच सुचले नाहीत.”

ती घाबरतच म्हणाली, “आणि प्रभू? तो गप्प राहिला म्हणून पुन्हा रागावलात का त्याच्यावर?”

“गप्पच होता तो,” वेल्डर म्हणाला. “पण त्याने हात काढला नाही.”