सरवा

"तीन बाया हायत. ओणवून कायतरी वेचत्यात," पुढच्या रांगेतली एक आई म्हणाली.

"बरोबर. काय वेचतात?" चित्रकलेच्या संघपाल सरांनी विचारलं.

कुणी खुरपण म्हणालं, कुणी कांद्याची लागण. शेळगावच्या शाळेत पालकसभा होती. सभा संपली की सर पडद्यावर एखादं जगप्रसिद्ध चित्र लावत आणि ते पालकांना साध्या भाषेत समजावून सांगत. आज पहिल्यांदाच त्यांची आई, भागुबाई, ऐकायला आली होती. मागच्या भिंतीला टेकून बसली होती. अगदी पुढं, नात वृषालीचा हात धरून, मोहनराव बसले होते. गावातले मोठे बागाईतदार. ज्या हॉलमध्ये सगळे बसले होते, तोही त्यांनीच बांधून दिलेला.

"हा सरवा आहे," सर म्हणाले. "आपल्याकडं सत्तावनचा उठाव झाला, त्याच वर्षी फ्रान्समधल्या एका शेतकऱ्याच्या मुलानं हे चित्र लोकांपुढं मांडलं. पीक काढून झालं की खाली पडलेली कणसं गरिबांनी वेचायची, अशी तिकडंही रीत होती. मागं बघा, गंजी लागल्यात, गाडी भरतीय. ते सगळं मालकाचं. या तिघींचं मुठीत मावेल तेवढंच. आता त्यांची तोंडं बघा. नीट दिसतात?"

"न्हाय," दोघीतिघी म्हणाल्या.

"तरी चित्रात सगळ्यात मोठ्या त्याच आहेत. तिथल्या श्रीमंत लोकांना याचाच राग आला."

वृषालीनं पडद्याच्या कोपऱ्याकडं बोट केलं. "सर, तो लांब घोड्यावर कोण आहे?"

"राखणदार. पेंढ्यांना कुणी हात लावू नये म्हणून."

मोहनराव हसले. "मग राग कशापायी, सर? वेचू तर देत व्हते की! आमच्या रानातबी कुणाला कधी अडवलं न्हाय."

सर उत्तर जुळवत होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

"अडवलं न्हाय, मोहनराव. खरं हाय." भागुबाई उठून उभी राहिली होती. "तुमच्या जुंधळ्यात दोन वर्सं सरवा वेचलाय म्या. एकदा तुमच्या वडलांनी बांधावर थांबवलं. पेंढीतली कणसं घेतली म्हणाले. समद्या बायांम्होरं पदर झाडाय लावला. पाचसा मोडकी कणसं पडली खाली. पेंढीतलं एकबी न्हवतं."

संघपाल सरांनी हे घरी कधीच ऐकलं नव्हतं.

मोहनराव मान खाली घालून बसले. वृषाली त्यांच्या तोंडाकडं बघत होती. मग तिच्या हातातला हात त्यांनी हळूच सोडवून घेतला, खुर्चीचा आधार घेत उठले आणि मागं वळले.

"वडील न्हवते त्या दिशी," सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले. "इंदापूरला गेलते. रानात मी व्हतो, भागुबाई. पदर मी झाडाय लावला."

"ठावं हाय मला," भागुबाई म्हणाली. "पर नात बसलीय न्हवं तुमच्याजवळ."