सुदामची शिदोरी

सुदामचं वागणं मला पहिल्यापासून खटकायचं. रोज माझ्याकडं पोटभर जेवायचा, आणि उठताना वर म्हणायचा, "मावशे, दोन भाकरी फडक्यात बांधून दे." भोसरीच्या टोळीत मारामाऱ्या करून, तुरुंगाची हवा खाऊन आलेला माणूस, आता म्हणे गावातली भांडणं मिटवतो! विहिरीच्या पाण्यावरून माझ्या नवनाथची आणि थोरव्यांच्या भगवानची डोकी फुटली होती. यात्रेत एकमेकाला आडवं पाडायची दोघांनी शपथ घेतलेली. आणि हा सुदाम दोन्ही घरांत ऊठबस करायचा. म्हटलं, हाच काडी लावणार.

एका दुपारी मी त्याच्या मागं रानात गेले. बघते तर आंब्याखाली भगवान माझी भाकरी खात बसलेला.

"मुडद्या, माझ्या पोराच्या जिवावर उठलेल्याला माझीच भाकरी घालतोस व्हय?" मी ओरडले. भगवानचा घास हातातच राहिला.

सुदाम शांतपणे म्हणाला, "नवनाथ पन म्हैनाभर भगवानच्या आईच्या हातची खातोय, मावशे. भाकरी कुना घरची, ते दोघांनाबी ठावं नव्हतं. यात्रेच्या आदी सांगनार व्हतो. ज्या घरचं मीठ खाल्लं, त्या घरावर आपल्याकडं कोन हात उचलत न्हाई."

भगवाननं हातातला घास टाकला नाही. मान खाली घालून गिळला.

 

मी सुदामकडं वळून म्हटलं, "तू काय सुधारला न्हाईस, सुदाम! आदी सुरा दाखवून लोकांचे हात बांधायचास, आता भाकरी चारून बांधतोस."