घोडीचं दूध

खानाच्या तंबूत आलेल्या प्रत्येक मांडलिक राजाला घोडीचं आंबवलेलं दूध पाजतात. आमच्या राजेसाहेबांपुढे पेला आला, तेव्हा पाद्री वर्लामबुवा कानाशी लागले, “विधर्म्यांचं दूध, धर्म बुडेल.” राजेसाहेबांनी बाणेदारपणे तोंड फिरवलं. टीचभर मॉस्कोचा राजा मात्र मिशा पुसत म्हणाला, “खानसाहेब, अजून थोडं मिळेल का?”

आम्ही पोट धरून हसलो. तो परतला, तो आम्हा सगळ्यांकडून खानाची खंडणी गोळा करायचा हक्क घेऊनच.

यंदा आम्ही खंडणी भरायला मॉस्कोला गेलो, तर त्याने तसल्याच दुधाचा पेला पुढे केला. राजेसाहेबांनी हताशपणे वर्लामबुवांकडे पाहिलं.



“प्या महाराज,” बुवा म्हणाले, “मॉस्कोच्या घोड्या ख्रिस्तीच आहेत.”