फाटकाबाहेर

रुचिताला फरीदाबादच्या महिला आश्रयगृहात अहिल्याकाकूंनीच पोचवलं होतं. मराठी मंडळात तो पत्ता फक्त त्यांनाच ठाऊक होता. तिचा मारकुटा नवरा सुयश मंडळाच्या कीर्तनसप्ताहात रोज पुढेच बसायचा आणि आख्यान रंगलं की ढसाढसा रडायचा. कीर्तनात रडणारा माणूस खोटा कसा असेल? काकूंचं काळीज विरघळलं. काल्याच्या दिवशी प्रसादाचा डबा घेऊन त्या त्याच्याच गाडीतून आश्रयगृहाकडे निघाल्या. “मी कोपऱ्यावर थांबतो, काकू. तुम्हीच समजूत घाला,” तो म्हणाला. काकूंना पाहून रुचिता धावतच फाटकाबाहेर आली. “अगं, पार बदललाय गं तो,” काकू सांगतायत तोवर सुयशने मागून तिचा दंड आवळला. रुचिता त्याच्याकडे नाही, काकूंकडेच बघत राहिली. तिला गाडीत कोंबून तो काकूंच्या पाया पडला. “अच्छा काकू, पुढच्या वेळी हिला कुठे लपवाल, तेही सांगा हं.”