आग्रहाचं निमंत्रण

जळगावचे डॉक्टर भिरूड तापाच्या गोळ्या देत होते, तोवर त्यांना प्रत्येक मांडवात पहिली खुर्ची असायची. पुढे शिकून ते मानसोपचारतज्ज्ञ झाले, लोकांच्या भाषेत येड्यांचे डॉक्टर, आणि पत्रिका येणंच थांबलं. म्हणून रावेरचे चुडामणभाऊ लेकीची पत्रिका घेऊन आले, तेव्हा एकट्या राहणाऱ्या डॉक्टरांनी हौसेनं चहा टाकला.

"पोरगी तुमच्यामुळेच बरी झाली, डॉक्टरसाहेब," भाऊ हात जोडून म्हणाले, "पन लग्नाले येऊ नका. तुमाले पाह्यलं तं नवरदेवाकडचे विचारतीन ना."



दुसऱ्या दिवशी भुसावळहून त्याच नवरदेवाचे वडील आले, मुलाच्या गोळ्या खिशात टाकत हळूच म्हणाले, "लग्नाला तेवढं येऊ नका, साहेब. मुलीकडची माणसं फार साधी आहेत."