तात्यांचे पाच तुकडे

तात्या गेले, तरी निरवांगीच्या मुक्ताबाईंच्या पोटातला सवतीमत्सर काही गेला नव्हता. तात्यांच्या पंच्याहत्तरीचं शूटिंग बारामतीच्या सवतीनं, शेवंतानं, मागितलं. फाइल मोठी, मोबाइलवर एका दमात जाईना. म्हणून नातीनं, सृष्टीनं, कंप्युटरवर तिचे पाच तुकडे पाडले.

“शेवटचा पाठवू नकोस,” मुक्ताबाई म्हणाल्या. “जन्मभर अख्खा नवरा खाल्ला सटवीनं. आता तरी कमी पडू दे.”

“आजी, एक जरी तुकडा नसला तर काहीच उघडत न्हाय.”

“मग तर नकोच!”

चार तुकडे गेले. थोड्याच वेळात शेवंताचा फोन आला. “अक्का, उघडलं बरं का! किती गोड दिसत्यात!”

मुक्ताबाईंच्या अंगाची लाही झाली. सृष्टीनं घाईघाईनं घरची अख्खी फाइल लावली. मांडव होता, पाहुणे होते. मुक्ताबाई ताट घेऊन हसत ओवाळत होत्या.

समोरची खुर्ची रिकामी होती.

“सटवे, माझा माणूस कुठं नेलास?” त्या फोनवर ओरडल्या.

“मी कशाला नेऊ, अक्का?” शेवंता म्हणाली. “थांबा, तेच फोन मागत्यात.”